नानाजींनी दिलेली ओळ

नानाजींच्या पाठीमागे जाऊन मी पितळेचा लोटा फरशीवर सोडला. ते दचकून वळले. तालमीला जमलेल्या मंडळींकडे बघून मी म्हणालो, "पाहा, ऐकू येते याईले. सोंग करून राह्यले."

वडशाच्या आमच्या नाटक मंडळीत नानाजी वीस वर्षं प्रॉम्प्टर होते. आमच्यात पाठांतराचे कष्ट कोणी घेत नसे. रंगमंचापुढच्या खड्ड्यात बसून प्रॉम्प्टरने ओळ पुटपुटायची, नटाने ती उचलून मोठ्याने म्हणायची. माझ्यासारख्या राजाचा दरारा सगळा त्यांच्या पुटपुटण्यावर चालायचा.

छप्पन सालच्या दिवाळीत त्यांना झटका आला. हातपाय वाचले, बोलणंही वाचलं. पण समोरचा बोलू लागला की ते नुसते तोंडाकडे बघत राहायचे. रेल्वेची शिट्टी, पेटीचा सूर मात्र बरोबर कळायचा. मला म्हणायचे, "आवाज येते बिरजू, पन त्याचं बोलनं होत नाई." हे कोणाला पटणार? आम्ही पडलो सोंगं काढणारी माणसं. त्यातून नवं नाटक त्यांना आवडलेलं नव्हतं, ते आम्हाला ठाऊक होतं. म्हातारा रुसलाय, असं आम्ही ठरवून टाकलं.

लोटा सोडला त्याच दुपारी मी त्यांच्या मांडीवरचं नाटकाचं पुस्तक ओढून घेतलं.

"नोको नेऊ," ते म्हणाले. "तुमच्या ओठाइकडे पाहून देतो मी ओळ."

तरी मी ते नेलं. आजही आठवलं की माझीच मला लाज वाटते.

उन्हाळ्यात जावयाने त्यांना नागपूरला दाखवलं. डॉक्टर म्हणाले, आवाजाचे शब्द होतात ती डोक्यातली जागाच गेली आहे. वाचलेलं मात्र कळतं, लिहून सांगत जा. सहा महिने आम्ही त्यांच्या कानाशी ओरडत होतो. पाटी एकालाही सुचली नव्हती.

मी पाटी घेऊन त्यांच्या घरी गेलो. त्यांच्या बायकोने, भागीरथाबाईंनी, बसायला पाट दिला. मी पाटीवर लिहिलं, 'माझं चुकलं, नानाजी.'

पुस्तक धरायचे तशीच त्यांनी पाटी मांडीवर घेतली. ओळीखाली बोट ठेवलं आणि सवयीने, दबक्या आवाजात वाचलं, "माझं चुकलं, नानाजी." मग माझ्या ओठांकडे बघत थांबले.

मी ती ओळ मोठ्याने म्हटली. त्यांना त्यातला एक शब्दही कळला नसणार. पण ओठ हललेले बघून त्यांनी समाधानाने मान डोलावली आणि बोट पुढच्या ओळीवर नेलं. तिथे काहीच लिहिलेलं नव्हतं.