मागे कोण उभं राहणार

बसच्या मागच्या दाराजवळची ती एकटी जागा शिट्टीताईची होती. घरून शिवून आणलेल्या गादीवर बसून तिनं वर्षानुवर्षं तिकिटं फाडली आणि दारात लोंबकळणाऱ्यांना आत घ्यायला शिट्ट्या फुंकल्या. डेपोत बस मागे घ्यायची वेळ आली की ती खाली उतरायची, भिंतीपाशी उभी राहायची आणि "येऊ द्या, येऊ द्या" म्हणत मामांना गाडी लावून द्यायची. मामा म्हणजे तिच्या बसचे ड्रायव्हर. त्यांचा हात किती सफाईदार, असं सगळा डेपो म्हणायचा. मागे उभ्या असलेल्या बाईचं कौतुक कोण करतं?

मग एक दिवस तिनं ड्रायव्हरच्या परीक्षेला नाव दिलं. कंडक्टरची जागा आधी सोडावी लागणार होती. नापास झाली तर ना ही जागा, ना ती.

"अगं, बसल्या जागी सगळं नीट चाललंय," नवरा म्हणाला. "कशाला नसती उठाठेव?"

"बसल्या जागीच चाललंय, म्हणून."

धाक तिलाही वाटत होता. पण तो नवऱ्याला दाखवायला ती काही दुधखुळी नव्हती. मामांनी तर तिच्याशी बोलणंच टाकलं.

परीक्षेत शेवटी बस मागे घेऊन भिंतीलगतच्या पांढऱ्या चौकोनात लावायची होती. गाडी मामांचीच होती. मागे उभं राहायलाही परीक्षा घेणाऱ्या साहेबांनी नेमकं मामांनाच बोलावलं.

ती गाडी मागे घेऊ लागली. मामा हाताची घडी घालून नुसते उभे. थोड्या वेळानं त्यांनी बसच्या पाठीवर दोन थापा मारल्या. थापा म्हणजे थांब. तिनं ब्रेक दाबला आणि आरशात पाहिलं, तर बसचं तोंड अजून चौकोनाबाहेरच होतं. तिनं इंजिन बंद केलं आणि ती सरळ खाली उतरली.

"मध्येच उतरलात. गुण कापावे लागतील," साहेब म्हणाले.

"कापा."

ती मागे गेली. "मामा, इथं खाट टाकून झोपता येईल. मी तुम्हाला कधी इतक्या लांब थांबवलं होतं?"

मामांनी मान फिरवली.

"तुमच्यामागे उभं राहून मी घसा फोडला, पण एकदाही खोटी थाप मारली नाही. आता नीट बोलवा, नाहीतर बाजूला व्हा, साहेब उभे राहतील. पण गाडी मीच लावणार."

ती पुन्हा स्टिअरिंगवर बसली. तिनं इंजिन सुरू केलं. मग मागून घोगरा आवाज आला, "येऊ दे. अजून येऊ दे, ताई." थाप पडली तेव्हा बस चौकोनात होती.

ती काठावर पास झाली.

मामा मात्र भिंतीपाशीच उभे होते. "उद्यापासून माझ्यामागे कोण उभं राहणार?" ते म्हणाले.

माणूस रागावला नव्हता, घाबरला होता, हे तिला तेव्हा कळलं. इतक्या वर्षांत मामांनी आरशात पाहून गाडी मागे घेतलीच नव्हती. कधी गरजच पडली नव्हती. तिला त्यांच्याबद्दल फार माया वाटली. 'मी आहे ना' हे जुन्या सवयीनं ओठांवर आलंही, पण तिनं ते गिळलं.

मागच्या जागेवरची गादी आणून तिनं मामांच्या हातात दिली.

"ही नवीन येईल तिला द्या. आणि मामा, आरशात बघायला शिका. वय झालं म्हणू नका. मीही आत्ताच शिकले."