राखणीची पेंढी

वादळ ओसरलं त्या सकाळी जमीनमालक स्टॅनर्डचं कापणीचं यंत्र चर्चलगतच्या वावरात रुतून बसलं. गहू सगळा आडवा झोपला होता. यंत्राची पाती वरच्यावर हवा कापत होती आणि चाकं ओंब्या चिखलात तुडवत होती. घोडे दमले, हाकणारा शिव्या देऊन दमला. कुंपणाच्या अलीकडे धुणं वाळत घालणाऱ्या थर्झाला ते बघून इतकं बरं वाटलं, की पिळलेलं फडकंच ती पुन्हा पिळत राहिली.

सफोकच्या त्या गावात सरव्याचा, म्हणजे कापणीनंतर पडलेल्या ओंब्या वेचण्याचा, कायदा पोराटोरांना पाठ होता. कापलेल्या वावरात मालक एक पेंढी उभी ठेवायचा, ती राखणीची. ती उभी आहे तोवर बायकांनी आत पाय घालायचा नाही. ती हलली, की खाली पडलेली ओंबी गरिबाची. त्या सरव्याच्या पिठावर घरं हिवाळा काढायची. गेल्या साली स्टॅनर्डने यंत्र आणलं आणि थर्झाचा नवरा ओबेद आणि त्याची विळेवाल्यांची टोळी घरी बसवली. एवढ्यावर भागलं नाही. घोड्याला जुंपायचं मोठं दाताळं आणून त्याने वावर विंचरून घेतलं, मग डुकरं सोडली. बायका फाटकाशी आल्या, की हा पेंढीकडे बोट दाखवायचा. "उभी आहे ना? मग कायदा तो कायदा."

पेंढी हलली तेव्हा आत धसकटांशिवाय काही उरलं नव्हतं. थर्झाचं पिठाचं पोतं रिकामं राहिलं. तिची म्हातारी आई आपणहूनच म्हणाली, मला गरीबखान्यात पोचवा, इथे तिघांचं भागायचं नाही. तिथे ती थंडीतच गेली. थर्झा ते विसरली नव्हती आणि विसरायचं तिच्या मनातही नव्हतं.

दुपारी स्टॅनर्डचा निरोप आला, टोळीने विळे घेऊन यावं. आसपासच्या सगळ्यांचाच गहू लोळला होता, त्याला बाहेरून माणूस मिळणार नव्हता. थर्झाने डुकराच्या खोपटावरचं जुनं काड ओढलं, पेंढी बांधली आणि गल्लीच्या तोंडाशी मधोमध, वावरातल्या राखणीच्या पेंढीसारखी, उभी केली. विळे घेऊन आलेले बाप्ये तिथेच थबकले. एक जण हसला, मग सगळेच हसले आणि घरी परतले. ओबेद तेवढा हसला नाही.

"थर्झा, कापणीची मजुरी हाय ती. माझ्या जोड्याला तळ ऱ्हायला न्हाई."

"माझ्या आईला तर अनवाणीच पुरलं त्यांनी."

ओबेदने विळा खुंटीला अडकवला.

मग स्टॅनर्ड स्वतः आला. घोड्यावरून उतरून त्याने बुटाने पेंढी आडवी केली. कुणी घराबाहेर आलं नाही. थर्झा आली, पेंढी उभी केली, हात झटकले आणि आत गेली.

दुसऱ्या खेपेला मात्र त्याची टोपी हातात होती. यंत्र कोठारात घालतो म्हणाला, दाताळं विकून टाकतो म्हणाला, सरवा पहिल्याच दिवशी खुला करतो म्हणाला. बाप्ये थर्झाच्या तोंडाकडे बघू लागले. हो म्हणाली असती, तर ती तिथेच जिंकली असती.

"आणखी काय हवंय तुला?" स्टॅनर्ड म्हणाला.

"आई पायजे."

"ते माझ्या हातात नाही, थर्झा."

"मग ही पेंढी बी माझ्या हातात न्हाई, मालक. उभी हाय तोवर कायदा तो कायदा."

त्या रात्री पाऊस लागला. कोमट, बारीक, चिकट पाऊस, थांबायचं नाव घेईना. थर्झा रोज सकाळी कुंपणातून हात घालून एक ओंबी अंगठ्याने चोळून बघायची. दाण्यादाण्याला पांढरे मोड दिसले, तेव्हा ती परत आली, पेंढी उचलून खोपटावर टाकली आणि म्हणाली, "जावा आता."

टोळीने मुकाट्याने गहू कापला. तो बाजारात कुणी घेईना, स्टॅनर्डने डुकरांपुढे टाकला. राखण्यासारखं काही उरलं नव्हतं, म्हणून सरवा मात्र कधी नव्हे एवढा मिळाला. घरोघर पोती भरली, पण तीही मोडाच्याच गव्हाची. पाव फुगेना. वरून करपायचा आणि आत लापशीसारखा ओला राहायचा.

"नुसता गोंद हाय," ओबेद कसाबसा घास गिळत म्हणाला. "हिवाळाभर ह्योच?"

"ह्योच."

"आन् मालक आता आडवा गहू उचलून कापणारं यंत्र आणतोय म्हनं."

थर्झाने चिकटलेली सुरी एप्रनला पुसली.

"आणू दे," ती म्हणाली. "यंदाचा तर गेला." आणि तिने स्वतःसाठी आणखी एक जाड काप कापला.