तपकिरी सोनं

सोनं म्हटलं की लोकांना ते चकाकलेलंच हवं असतं. तिच्या हातचं सोनं मात्र मळकट तपकिरी, चहाच्या डागासारखं. चांदी मिसळलेल्या सोन्याचा पातळ पत्रा तीव्र आम्लात ठेवायचा. आम्ल चांदी तेवढी खाऊन टाकतं आणि मागे उरतं स्पंजासारखं, डोळ्यांना न दिसणाऱ्या भोकांचं सोनं. त्या भोकांत औषध भरलं की ते हळूहळू, महिनोन्‌महिने पाझरत राहतं. रंग मळका म्हणजे भोकं शाबूत, एवढं साधं गणित.

या खेपेच्या, अशाच पत्र्याच्या कापलेल्या चकत्या दादासाठी होत्या. दादा म्हणजे तिचा थोरला भाऊ, विजेच्या खांबांवर चढणारा लाईनमन. त्याच्या मांडीत वाईट गाठ निघाली होती. सर्जनबाईंनी आडपडदा न ठेवता सांगितलं होतं, "गाठ मी काढीन, पण तिची मुळं राहतील. जखम उघडी असतानाच तुमच्या चकत्या आत बसवल्या तर ती मरतील. नाहीतर पुढच्या खेपेला पायच काढावा लागेल." परवानग्या मिळवता मिळवता तिच्या नाकी नऊ आले होते. पण मिळाल्या एकदाच्या. धुऊन, तपासून चकत्या डबीत तयार होत्या. दुपारी औषध भरायचं आणि सकाळी ऑपरेशन.

नेमके त्याच दुपारी पाहुणे यायचे होते, प्रयोगशाळेला पैसा पुरवणारे. प्रयोगशाळेचे प्रमुख, तिचे सर, सकाळपासून नव्या टायमध्ये लग्नघरातल्या यजमानासारखे मिरवत होते. ती औषध आणायला खालच्या शीतगृहात गेली आणि परत येऊन बघते तर काय, चकत्या हॉटप्लेटवर! पिवळ्याधमक, लखलखीत.

तापवलं की ती बारीक भोकं मिटतात, सोनं पुन्हा सोन्यासारखं दिसायला लागतं आणि औषध धरून ठेवायच्या कामाचं उरत नाही. हे तिला शिकवलं होतं कोणी? याच सरांनी.

"सर, या दादाच्या होत्या!"

"अगं, पाहुण्यांना काय गंजके पत्रे दाखवायचे? सोन्याची प्रयोगशाळा म्हणतात आपल्याला. पुन्हा करू की. तुझा हात बसलाय आता."

"ऑपरेशन उद्या आहे, सर."

"उद्या?" सरांनी टाय सारखा केला. "अरेच्चा. पुढे ढकलता येईल ना?"

येईल म्हणे! गाठ काय सरांच्या सवडीने वाढत होती? पण तिला तोंड उघडायची संधीच मिळाली नाही. दार उघडलं, पाहुणे आत आले, सरांनी तिच्या तळहातावर एक चकती ठेवली आणि फोटोवाला म्हणाला, "मॅडम, हसा जरा." ती चकती सरांच्या तोंडावर फेकून मारावी असं तिला वाटत होतं. तिने फेकली नाही.

पाहुण्यांची पाठ वळताच तिने सर्जनबाईंना फोन लावून चकत्या वाया गेल्याचं सांगितलं.

"नवीन कधी मिळतील?"

"धुणं, तपासणं धरून आठवडा तरी."

"गाठ रक्तवाहिनीला टेकलीय. एक दिवससुद्धा थांबता येणार नाही. मग मी नुसतीच काढते." आणि फोन बंद झाला.

संध्याकाळी ती वॉर्डात पोचली तेव्हा दादा शेजारच्या खाटेवरच्या आजोबांना मोबाईल दाखवत होता. प्रयोगशाळेने फोटो लगेच सगळीकडे पाठवलाही होता.

"ही बघा आमची ठमी! उद्या माझ्या पायात सोनं बसवणार आहे. आता पायाला कुलूप घालून झोपायला हवं." आजोबा खो खो हसले.

ती स्टूल ओढून बसली आणि तिने सगळं सांगितलं. हॉटप्लेट, भोकं, सर, सर्जनबाई. काहीच झाकून ठेवलं नाही. आजोबांनी कूस बदलली.

"म्हणजे उद्या आत काहीच बसवणार नाहीत?" दादाने विचारलं.

"नाही."

"आणि तुला हे फोटोच्या आधी कळलं होतं?"

"हो."

दादाने दोन बोटांनी फोटो मोठा केला. चकती बाजूला सरकली आणि पडद्यावर नुसता तिचा चेहरा राहिला.

"मग एवढी हसतेयस कशाला गं, ठमे?"

"हसा म्हणाले," ती म्हणाली.