एकसारखी जाडी

बेकसुल्तान झुमाझानोव नळ्यांच्या धंद्यातून अक्षरांच्या धंद्यात आले, ते पट्टी घेऊनच. अल्माटीच्या स्थानकातल्या गाड्यांच्या फलकासाठी त्यांच्या कंपनीतल्या शिनारने वर्षभर खपून कझाक भाषेच्या सिरिलिक अक्षरांचं नवं वळण बेतलं होतं. प्रत्येक अक्षराला सारखीच जागा, म्हणजे गावं आणि वेळा एकाखाली एक नीट बसतात. टोकांना नखरे नाहीत, आणि लांबून वाचता येईल इतकी जाडी. मालकांनी बाउरसाकचे तळलेले गोळे खाऊन तेलकट झालेलं बोट पडद्यावर ठेवलं आणि पट्टी लावली.

"हा 'झ' 'न'पेक्षा बारीक आहे. फसवतेस होय?"

"आघाय, 'न'ला, या Н ला, दोनच खांब. आपला 'झ', हा Ж, म्हणजे उताणा पडलेला खेकडा. तेवढ्याच जागेत तितकेच जाड पाय कोंबले तर मधल्या फटी बुजतील. जरा बारीक केले की डोळ्याला सारखे दिसतात."

"डोळ्याचं काय सांगतेस? नळी एका जागी पातळ असली की फुटते."

"अक्षरांतून पाणी जात नाही, आघाय."

"तोंड फार चालतं तुझं. मोजून सारखं कर."

शिनारने मोजून सारखं केलं, आणि नमुना म्हणून त्याच अक्षरांत मालकांच्या दाराची पाटी करून आणली. झुमाझानोव या नावात झ दोनदा येतो. पाटीवर दोन काळी डबकी साचली होती. चहा घेऊन आलेल्या राउशानबाईंनी विचारलं, "नाव कोणी खोडलं हो?"

मालकांनी पाटी बराच वेळ न्याहाळली. चूक त्यांना कळली, पण स्वतःच्या दारापुरतीच.

"माझी पाटी तुझ्या पद्धतीनं कर. स्थानकाचं मोजलेलंच राहू दे. आपली गाडी कुठली, ते लोकांना ठाऊक असतं."

"तुम्ही आगगाडीत शेवटचे कधी बसलात, आघाय?"

"मी कशाला बसू? विमानं आहेत की."

एवढं ऐकल्यावर शिनारला फार विचार करावा लागला नाही. नोकरी जाईल हे धरूनच तिने स्थानकाला आपलीच अक्षरं पाठवली.

उद्घाटनाला मालक फलकाखाली उभे राहिले. "एकेक रेघ मी पट्टीनं मोजून सारखी करून घेतली. दाखवा बरं कुठे फरक!" सगळ्यांनी माना वर केल्या. फरक कोणालाच दिसला नाही, मालकांनाही नाही. पट्टी तिथवर पोचत नव्हती.

गर्दीमागे एक म्हातारी गठुडं घेऊन थांबली. तिने वर पाहिलं, "झेझकाझगान, चौथा फलाट," असं पुटपुटली आणि भाषण चालू असतानाच चालू लागली.