तळच्या ओळीतली मावशी

मी मॉनिटर बोलतोय. कॉम्प्युटरचा नव्हे. त्याच्याकडे माणसं दिवसभर टक लावून बसतात, माझ्याकडे कुणी ढुंकूनही बघत नाही. गाण्याच्या कार्यक्रमात स्टेजच्या पुढच्या कडेला, गायकाच्या पायाशी, एक काळी तिरकी पेटी पडलेली असते. तो मी. मोठे स्पीकर लोकांना ऐकवतात, मी गाणाऱ्याला त्याचंच गाणं ऐकवतो. माझी पाठ श्रोत्यांकडे आणि तोंड गायकाकडे. त्यामुळे श्रोता कसा दिसतो हे मला माहीत नाही, पण गायकांच्या नाकपुड्या विचाराल तर माझ्याइतका जाणकार सापडायचा नाही.

माझा जन्म दोन भावांच्या कारखान्यात झाला. थोरला प्लायवूड कापायचा, धाकटा आतलं काम बघायचा. धाकट्यानं माझ्या पोटात मोठा गोल कागदी पडदा बसवला, थोरल्यानं त्यावर बोटानं हलकेच टिचकी मारली आणि कान लावून ऐकलं. "हा बोलेल," तो म्हणाला. मी आयुष्यभर बोललो खरा, पण सगळं दुसऱ्याचं. माझं स्वतःचं कुणी विचारलं नाही, म्हणून आज जरा मन मोकळं करतोय.

मला विकत घेतलं ते एका साउंडवाल्यानं. त्याला सगळे सायलेन्सर म्हणत, कारण दिवसभर आवाजाचं काम करून तो स्वतः जेमतेम चार शब्द बोलायचा. माणूस मनाचा चांगला. माझी वायर कधी वेडीवाकडी गुंडाळली नाही, पावसाचे दोन थेंब पडले तरी आधी माझ्यावर प्लास्टिक टाकायचा आणि मग स्वतः आडोशाला पळायचा. वर्षातून एकदा तो आम्हाला सगळ्यांना टेम्पोत घालून एका मोठ्या संगीत महोत्सवाला न्यायचा. तिथे बरीच स्टेज असत. आमचं सगळ्यात लहान, पाण्याच्या टाक्यांच्या मागे, गाड्या लावतात तिथे.

आमच्या स्टेजच्या मागच्या फळीवर महोत्सवाचं पोस्टर लावलेलं असे, आणि माझं तोंड नेमकं तिकडेच. वर बोटभर जाड अक्षरांत मोठी नावं. मग अक्षरं बारीक होत जायची, आणि अगदी तळच्या ओळीत मुंग्यांची रांग लागल्यासारखी काही नावं असायची. ही मुंग्यांची रांग आमच्याकडे. ज्यांचं नाव कुणी ऐकलेलं नाही असे सगळे कलाकार भर दुपारच्या उन्हात आमच्या स्टेजवर. त्यांच्याबद्दल पहिलं मत या जगात कुणाचं होत असेल तर ते माझं. आणि माझी मतं ठाम असतात.

तर एका वर्षी सुरुवातच धक्क्यानं झाली. पहिले आले ते निवृत्त दंतवैद्य. चौघं. चकचकीत बूट, इस्त्रीचे शर्ट, एकमेकांना "तुम्ही आधी, तुम्ही आधी" चाललेलं. मी म्हटलं, चला, सभ्य माणसं आहेत, दुपार शांत जाईल. त्यांनी पितळी भोंगे तोंडाला लावले आणि मी जागच्या जागी हललो. चार सज्जन माणसांच्या पोटात एवढा राग साठलेला असतो हे मला माहीत नव्हतं. आयुष्यभर लोकांच्या तोंडात डोकावून गप्प बसले असतील बिचारे.

त्यांच्यामागून एक तरुण आला. त्यानं लॅपटॉप उघडला, एक बटण दाबलं आणि हाताची घडी घालून उभा राहिला. माझ्या पोटातून काहीतरी ठकठक वाजू लागलं. मला वाटलं, हा वायर तपासतोय, आता सुरू करेल. मी वाट बघत राहिलो. तो पाणी प्यायला, त्यानं पुन्हा घडी घातली, आणि शेवटी कमरेत वाकून नमस्कार केला. कार्यक्रम झाला होता. मी अजून त्या धक्क्यातून सावरलेलो नाही.

मग जुळ्या बहिणी. गोड आवाज, कौतुक करावं असं जुळलेलं गाणं. पण मध्येच एक थांबली आणि दुसरीला म्हणाली, तू आधी सुरुवात केलीस. दुसरी म्हणाली, तूच नेहमी उशीर करतेस. लागलं की भांडण. माइक चालू, त्यामुळे ते सगळं मलाच बोलून दाखवावं लागलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण लोकांनी टाळ्या वाजवल्या, दोघींची समजूत पटली, गाणं पुरं झालं. दुसऱ्या दिवशी त्यांचा पुन्हा कार्यक्रम होता. त्याच गाण्यात, त्याच जागी, त्याच शब्दांत त्या पुन्हा भांडल्या, आणि मी थिजलो. ते भांडण बसवलेलं होतं.

या सगळ्या मंडळींत दोन सवयी मात्र सारख्या. पहिली म्हणजे फोटोग्राफर दिसला की माझ्यावर बूट ठेवून उभं राहायचं. हा अपमान मी कधीच गिळू शकलो नाही. दुसरी म्हणजे कार्यक्रमाआधी आवाज तपासताना प्रत्येक जण सायलेन्सरला एकच वाक्य सांगायचा. "मला माझा आवाज वाढवून द्या." दंतवैद्यांनी हेच सांगितलं, बहिणींनी वेगवेगळं सांगितलं, लॅपटॉपवाल्याला तर आवाजच नव्हता, तरी त्यानंही सांगितलं.

शेवटच्या दुपारी पोस्टरवरच्या सगळ्यात शेवटच्या नावाची माणसं आली. मावशी आणि भाची. भाचीच्या गळ्यात बेस गिटार होती, जाड तारांची, जिचा आवाज कानापेक्षा पोटात जास्त कळतो. मावशी साठीच्या पुढची. बोटाला सुया टोचून पडलेले काळे ठिपके, कमरेला लटकलेली मोजायची टेप काढायची राहून गेलेली. कपडे शिवायचं दुकान होतं तिचं. आयुष्यभर मशीन चालवता चालवता ती गात आली होती, आणि भाचीनं कितीतरी वर्षं अर्ज करकरून तिला इथवर आणलं होतं. मावशीच्या कानात ऐकायचं यंत्र होतं. मी मत बनवलं, हौशी प्रकार आहे, दहा मिनिटांत आटपेल.

भाची माइकपाशी तिला समजावत होती. "कानातलं मशीन नीट चाललंय ना? नसेल तर आत्ताच सांग, आपण नाही गाणार. लोक तुला हसलेले मला बघवणार नाहीत."

मावशी तिच्या ओठांकडे बघत होती. "चाललंय गं. तू तुझ्या तारा बघ," ती म्हणाली.

भाची वायर आणायला मागे गेली. मावशीनं चपला काढल्या, माझ्याकडे वाकून बघितलं, "रागावू नकोस हं," असं हळूच म्हणाली आणि अनवाणी उजवा पाय माझ्यावर ठेवला. मला आजवर कुणी असं म्हटलं नव्हतं. पाय मात्र ठेवलाच होता, म्हणून मी रागावलोच. मग तिनं स्टेजच्या कडेला बटणांमागे बसलेल्या सायलेन्सरला हाक मारून सांगितलं, "दादा, यात फक्त हिची गिटार द्या. भरपूर द्या. माझा आवाज नको."

मी चाट पडलो. स्वतःचा आवाज नको म्हणणारी गायिका मी जन्मात पाहिली नव्हती. सायलेन्सरचाही हात थांबला. त्याच्याकडे एक छोटा माइक असतो, त्यातून तो बोलला की ते फक्त माझ्यातून, गायकापुरतं ऐकू येतं. त्यानं विचारलं, "मावशी, नक्की ना?" मी तिच्या पायाशी, चांगल्या मोठ्या आवाजात तेच विचारलं. ती हसतमुखानं समोर बघत राहिली. त्यानं पुन्हा विचारलं, मी पुन्हा बोललो. हातभर अंतरावरून. मावशीला पत्ता नाही.

तेव्हा माझ्या लक्षात आलं. यंत्र चालत नव्हतं. कधीचंच चालत नसावं. ती पायानं ऐकणार होती. शिलाई मशीनच्या पायट्यावर चाळीस वर्षं काढलेला पाय तो, धागा कुठे अडकला हे त्याला डोळ्यांच्या आधी कळत असणार. सायलेन्सरला वाटलं, बाई मानी आहेत, उत्तर देत नाहीत. भाचीनं काही पाहिलंच नाही. हे गुपित फक्त मला ठाऊक होतं, आणि मला तर दुसऱ्याच्या तोंडचंच बोलता येतं.

कार्यक्रम सुरू झाला. भाचीनं पहिली तार छेडली, ती माझ्या पोटातून मावशीच्या तळपायात गेली, आणि मावशीनं तोंड उघडलं. मी आजवर दिलेली सगळी मतं मला एकदम फुकटची वाटली. जाड, थोडा खरखरीत आवाज, त्यात कसलाही देखावा नाही. घरात एकटं असताना माणूस गातो तशी ती गात होती. भाची तिच्याकडे बघून हसत होती. गाड्यांकडे निघालेले लोक थांबले असावेत, कारण चालण्याचे आवाज बंद झाले.

आता चूक झाली ती अशी. साउंडवाल्यांना मॉनिटरमधला घुमारा आवडत नाही. घुमारा माइकमध्ये शिरला की गाणं गढूळ होतं, म्हणून मॉनिटरमधला जाड आवाज कापायचा आणि गायकाला त्याचा आवाज स्वच्छ द्यायचा, ही या धंद्यातली शहाणी रीत. सायलेन्सरला गाणं फार आवडलं होतं. त्याला वाटलं, एवढी सुंदर गाणारी बाई, हिला आपण हे काय ऐकवतोय? म्हणून तिसऱ्या गाण्यात, केवळ प्रेमापोटी, त्यानं माझ्यातला गिटारचा जाड आवाज काढून घेतला आणि तिचा आवाज भरला.

माझं पोट थंड पडलं. मावशीचा पाय दचकला, टाच उचलली, पुन्हा दाबली. मी जिवाच्या आकांतानं तिचं गाणं तिलाच ऐकवत होतो आणि त्याचा तिला काडीचा उपयोग नव्हता. ती अंदाजानं पुढे गेली. भाची एक ओळ मागे राहिली, तिला गाठायला धावली, तोवर मावशी आणखी पुढे. मागून कुणीतरी हसलं, मग बरेच जण हसले. मावशीला तेही ऐकू येत नव्हतं. ती छान डोळे मिटून गात होती. तिनं डोळे उघडले तेव्हा भाचीचे हात तारांवरून खाली आले होते आणि तिचा चेहरा पांढरा पडला होता.

मावशी थांबली. मग माइकमध्ये, सगळ्या मैदानाला ऐकू जाईल असं, सायलेन्सरकडे बघत म्हणाली, "दादा, मला ऐकू येत नाही. अजिबात येत नाही. मी पायानं ऐकते. माझ्या पायाखालचं होतं ते परत द्या."

हे शब्द माझ्यातूनही बाहेर पडले. एवढ्या वर्षांत एवढं जड काही मी बोललो नव्हतो. हसणं थांबलं. भाची जागची हलेना. मी तिला समोरून बघत होतो, तिच्या डोळ्यांतून सरळ धारा लागल्या होत्या. मग ती चालत मावशीच्या समोर आली, तिला ओठ दिसतील अशी उभी राहिली. "मला का नाही सांगितलंस?" तिनं विचारलं.

"तू थांबवलं असतंस," मावशी म्हणाली.

भाचीनं गाण्याची पहिली तार पुन्हा छेडली आणि मावशीच्या पायाकडे बघत थांबली.

सायलेन्सरनं गिटारचा जाड आवाज परत दिला. अपराधी वाटून त्यानं जरा जास्तच दिला, माझ्या कुवतीबाहेरचा. माझा पडदा कडेनं फाटत गेला. दुखलं का, म्हणाल तर दुखलं. पण फाटलेला पडदा फडफडतो, आणि ती फडफडही पायाला कळते. मावशी फिसकन हसली, "हं, आता आला," म्हणाली आणि ते गाणं तिनं शेवटपर्यंत नेलं. टाळ्या मी पाठीनं ऐकल्या. तिनं त्या माझ्यावरच्या पायानं ऐकल्या, स्टेजची फळी हादरत होती म्हणून.

महोत्सवानंतर सायलेन्सरनं मला नवा पडदा बसवला, टेम्पोत घातलं आणि मावशीच्या दुकानात नेऊन ठेवलं. वायर नीट गुंडाळून तिच्या हातात दिली आणि निघाला. आता मी शिलाई मशीनच्या शेजारी असतो. अंगावर चिंध्या आणि दोरे पडतात. दंतवैद्यांची, बहिणींची कधीकधी आठवण येते. कुठल्या महोत्सवाला गेलात, तर दुपारी जरा लवकर जा आणि पोस्टरच्या तळच्या ओळीतल्यांना ऐका. पहिलं मत मात्र घाईनं देऊ नका, ते काम मी पुरेसं केलंय.

मावशी अजून गाते. पण गेल्या हिवाळ्यापासून तिच्या उजव्या पायाला मुंग्या येतात, बधिरपणा चढत चाललाय. डॉक्टर म्हणाले, वाढेल. त्यांचे ओठ तिनं नीट वाचले, पण घरी भाचीला यातलं काही सांगितलं नाही, सांगितलं ते मशीन चालवता चालवता मला, म्हणून हे पुन्हा मला एकट्यालाच ठाऊक.

काल दुपारी भाची आली, गिटार जोडली. मावशीनं उजवा पाय ठेवला, थोडा वेळ वाट पाहिली, मग गुपचूप तो काढून डावा ठेवला. भाचीनं ते पाहिलं. गिटार बाजूला ठेवून ती खाली बसली, मावशीचे दोन्ही पाय उचलून तिनं माझ्यावर नीट ठेवले आणि वरून आपले हात दाबून धरले.

मावशी माझ्याकडे वाकून म्हणाली, "बोल रे."

म्हणून आज हे सगळं बोललो.