घण थांबवणारी हातोडी

मित्रांनो, मी एक जुनी हातोडी आहे, पण मोठा घाव मी कधीच घातला नाही. मी फक्त जागा दाखवायचे.

अवसरी बुद्रुकच्या भिमाजी लोहारांनी ट्रकच्या मोडक्या एक्सलच्या तुकड्यातून मला घडवलं आणि बाभळीचा दांडा बसवला. ते भट्टीजवळ बसत. समोर त्यांची बायको साळुबाई घण घेऊन उभी राही. भात्याच्या आवाजात बोललेलं ऐकू येत नसे, म्हणून त्यांचं बोलणं माझ्यातून चाले. तापल्या लोखंडावर मी जिथे वाजले, तिथेच घण पडे. हळू वाजले तर हळू, जोरात वाजले तर जोरात. आणि लोखंड सोडून नुसत्या कोऱ्या ऐरणीवर मी टण्णकन वाजले, की थांब.

साळुबाई कानांनी घाव घालते, असं गिऱ्हाइकं म्हणत. शिनोलीचे रखमाजी तर चेष्टा करायचे, "भिमाजीराव, घरात बी हातोडी घेऊनच बसता का वं?"

"घरात हातोडी तिच्याकडं असती," भिमाजी म्हणत.

१९९७ सालच्या उन्हाळ्यात एका सकाळी रखमाजींची कुऱ्हाड ऐरणीवर होती आणि ते शेजारीच उभे होते. लेक आरती भात्यावर होती. दोन घाव पडले. तिसऱ्यासाठी घण वर गेला आणि भिमाजींची मूठ एकाएकी सैल पडली. मी सुटले आणि कोऱ्या ऐरणीवर आदळले. टण्ण.

घण वरच थांबला. त्याच क्षणी चिमटा सुटून कुऱ्हाड खाली पडली, भिमाजी पुढे कलले आणि त्यांचं कपाळ ऐरणीवर टेकलं. नेमकं घणाखाली.

रखमाजींनी भिमाजींना मागे ओढून घेतलं, तरी साळुबाईचे हात खाली येईनात.

"वैनी, घण ठेवा," रखमाजी म्हणाले. तिला ते ऐकूच गेलं नाही.

मग आरतीने मला उचललं आणि बाजूच्या दगडावर हळूच वाजवलं. घण तिथे अलगद येऊन टेकला.

भिमाजी गेले होते.

दिवसकार्य झाल्यावर साळुबाईने लेकीला एवढंच विचारलं, "ह्यांनी वाजिवली, का पडली गं ती?"

"दादांनी वाजवली," आरती म्हणाली.

साळुबाई कितीतरी वेळ मान हलवत राहिली. "मंग थांब म्हणून सांगून गेलं म्हणायचं."

पुढे भट्टी विझली. बाजारात तयार कुऱ्हाडी आल्या, घण आणि ऐरण भंगारात गेली. मी आरती आणि साळुबाईबरोबर जुन्नरला आले. आता नारळ फोडण्यापुरती माझी आठवण होते. तेही साळुबाई घरात नसताना. कारण अजूनही एखादं झाकण फरशीवर पडलं, की तिचे हात आहेत तिथेच थांबतात, हातात भाकरी असली तरी. मग आरती ओट्यावर बोटाने हळूच टकटक करते, आणि भाकरी तव्यावर पडते.

मित्रांनो, मला भंगारात घालू नका आणि खेळ म्हणून वाजवूही नका. साळुबाईने मला अजून कधी विचारलेलं नाही. विचारलं, तर मीही आरतीसारखंच सांगेन.