मशीन टाके का सोडतं

ताईच्या पत्राला आपण उत्तर दिलेलं नाही, ही गोष्ट माहितीवाल्यांना रोज एकदा तरी आठवे, आणि का कोण जाणे, बहुधा दात घासताना आठवे. तोंडात फेस, समोर आरसा, त्यामुळे कुठे पळताही येत नसे. पत्र येऊन तीन वर्षं उलटली होती. एका पानाचं पत्र. आईचं जुनं शिलाई मशीन ताईकडे होतं. ते जाड कापडावर आलं की टाके सोडतं, असं तिने लिहिलं होतं. सुई बदलली, दोरा बदलला, तेल घातलं, पण परिस्थिती जैसे थे. 'तू जन्मभर मशीनचीच माहिती लिहिलीस, तेव्हा काय ते तूच सांग,' असं लिहून खाली तिने दोन ओळी जोडल्या होत्या. 'मशीन बंद असलं की घर फार गप्प होतं रे. एकदा येऊन जा ना, किड्या.'

किड्या म्हणजे पुस्तकातला किडा. लहानपणी सगळे अंगणात खेळत तेव्हा हे ताई चालवत असलेल्या आईच्या मशीनखाली पायडलशेजारी बसून वाचत. पायडल थांबलं की ताई वाकून बघायची, किडा आहे की गेला. त्या नावाने त्यांना हाक मारणारं आता जगात तेवढं एकच माणूस उरलं होतं.

'माहितीवाले' हे नाव कारखान्यातलं. शिलाई मशीनच्या खोक्यात मशीनबरोबर जी छोटी पुस्तिका असते, ती लिहायचं काम त्यांच्याकडे होतं. 'ग्राहकाने सुई बसवताना सपाट बाजू तपासावी.' अशी वाक्यं त्यांनी निवृत्तीपर्यंत लिहिली, आणि प्रत्येक वाक्य छापायला जाण्याआधी इतक्या वेळा तपासलं की छापखान्यातली माणसं म्हणत, माहितीवाल्यांना स्वतःचं नाव लिहायलाही मसुदा लागतो. पुस्तिका कोणी वाचत नाही हे त्यांना ठाऊक होतं. खोकं उघडलं की पहिल्यांदा तीच केरात जाते. त्यामुळे एक प्रकारची निर्धास्ती होती. कोणी वाचतच नाही, तर हसणार कोण?

पत्राचं तसं नव्हतं. पत्र ताई वाचणार होती, चष्मा पुसून, दोनदा. पत्र येण्याच्या आदल्या वर्षी ताईचे यजमान गेले. माहितीवाले जाऊन दोन दिवस राहून आले, पण सांत्वनाचं एक वाक्य काही त्यांना जमलं नव्हतं. मनात जुळवलेलं प्रत्येक वाक्य त्यांना पुस्तिकेतलं वाटे. 'बहिणीने धीर धरावा.' शेवटी त्यांनी तिच्याकडचे दोन गळके नळ दुरुस्त करून घेतले आणि परत आले. त्यानंतर हे पत्र. उत्तर लिहायला बसले तर सुईपासून सुरुवात झाली, ते सात पानांवर गेलं. मग वाटलं, फार झालं. चार ओळींचं केलं. मग वाटलं, ही काय तार आहे? असं करता करता महिने गेले, आणि मग उशिराचीच लाज इतकी वाढली की उत्तरापेक्षा माफी मोठी लिहावी लागली असती. घोंगडं भिजत पडलं ते पडलंच. अधूनमधून मुलगा ताईला फोन लावून देई. तिला हल्ली कमी ऐकू येई. 'बरी आहेस ना?' 'बरी आहे. तू?' 'बरा आहे.' मशीनचा विषय ती काढत नसे, हेही काढत नसत.

मग सूनबाईमुळे एक पळवाट सापडली. ती एका ऑफिसात इंटरनेटवरच्या पानांसाठी मजकूर लिहायची. सासऱ्यांचा वेळ जात नाही असं बघून तिने त्यांना एक छोटी वेबसाइट करून दिली आणि म्हणाली, मशीनबद्दल जे डोक्यात आहे ते इथे ओता. माहितीवाल्यांच्या मनात लगेच आलं की ताईचा नातू मोबाइलवर सारखं काहीतरी शोधत असतो. ताईने त्याला मशीनचं विचारलं, त्याने शोधलं, की आपलं पान तिच्यासमोर येईल. पत्र नाही, माफी नाही आणि उत्तर मात्र पोचलेलं! त्यांना ही युक्ती इतकी आवडली की त्या दिवशी ते दोन घास जास्त जेवले.

पानाला त्यांनी नाव दिलं, 'मशीन टाके का सोडतं'. आणि मजा अशी की इथे त्यांचा हात अडला नाही. कारण डोळ्यांसमोर एकच मशीन होतं. जाड कापडावर टाके सुटतात तेव्हा आधी सुई धरून ठेवणारा बारका स्क्रू बघा, असं त्यांनी लिहिलं. 'तुमच्या घरी एखाद्या उत्साही मुलाने कधीकाळी तो पक्कडीने पिळला असेल, तर त्याचे आटे झिजलेले असणार. मग तो फिरतो, पण आवळत नाही. जाड शिवणीवर सुई केसभर वर सरकते, आणि खालचं हूक दोऱ्याचा फास पकडायला येतं तेव्हा फास जागेवर नसतो. नवा स्क्रू मिळेपर्यंत त्याच्या आट्यांवर दोऱ्याचा एक वेढा देऊन बघा. तुमची दृष्टी पूर्वीसारखी नसेल तर हे काम खिडकीशी बसून करा, आणि घाई करू नका.' तो उत्साही मुलगा कोण, हे सांगायला नको. त्या प्रसंगानंतर घरात पक्कड त्यांच्या हाती कधीच कोणी दिली नव्हती.

सूनबाईने वाचून मान डोलावली, पण तिला काळजी वाटली. पान वर यायचं तर 'शिलाई मशीन दुरुस्ती' हे शब्द दर दोन ओळींनी यायला हवेत, असं तिने समजावलं. तिच्या ऑफिसात तसंच लिहीत. माहितीवाल्यांनी तिच्या ऑफिसातलं एक पान वाचलं. शिलाई मशीन दुरुस्तीसाठी शिलाई मशीन दुरुस्ती समजून घेणं शिलाई मशीन दुरुस्तीत महत्त्वाचं असतं, अशा थाटाचं ते होतं. ते घाबरत घाबरत म्हणाले, "अगं, जेवणात मीठ असतं. हे मिठातच जेवण वाढलंय." ती हसली आणि म्हणाली, काय करणार बाबा, पाहुण्यांना असंच आवडतं.

पान इंटरनेटवर चढलं आणि बुडालं. शोधून पाहिलं तर आधी मीठवाली पानं, मग त्यांच्या नकला, मग नकलांच्या नकला. त्यांचं पान इतक्या खाली की तिथवर नातू सोडा, ज्याने लिहिलं तोही कंटाळून पोचेना. तरी रोज संध्याकाळी ते कॉम्प्युटर उघडून पाहुण्यांचा, म्हणजे पान बघून गेलेल्यांचा, आकडा बघत. कुठल्या गावाहून कोण आलं हे तिथे दिसे. ताईचं शहर कधी दिसत नसे. मग ते पानातला एखादा शब्द बदलत, दुसऱ्या दिवशी तो परत पूर्वीसारखा करत. सूनबाई म्हणायची, बाबा, पीठ एकदाच मळतात.

आणि मग वारं फिरलं. इंटरनेटवर पानं शोधून देणाऱ्या कंपन्यांनी नियम बदलले. सूनबाई एके दिवशी ऑफिसातून आली ती पर्स खुर्चीवर टाकून तशीच बसली. तिच्या ऑफिसाची पानं एका आठवड्यात धडाधड खाली घसरली होती. साहेब सगळ्यांवर खेकसत होते. आता म्हणे शब्द मोजत नाहीत, लिहिणाऱ्याने ती गोष्ट स्वतः हाताळली आहे का ते बघतात, नकला गाळतात. तिने सहज म्हणून सासऱ्यांचं पान शोधलं, तर ते सगळ्यात वर. तिने दोनदा शोधलं. मग नवऱ्याला शोधायला लावलं. तरी वरच.

त्यानंतर पाहुण्यांची रीघ लागली. माहितीवाल्यांना कल्पनाही नव्हती की जगात इतक्या उत्साही मुलांनी इतके स्क्रू पिळून ठेवले आहेत. कोणी लिहिलं, आमच्याकडे तो मुलगा म्हणजे माझे वडील. कोणी लिहिलं, खिडकीशी बसले आणि जमलं. माहितीवाले प्रत्येकाला त्याच दिवशी उत्तर देत. एकदा ताईचं शहर यादीत दिसलं आणि त्यांनी खुर्ची पुढे ओढली. तिथून कोणीतरी येऊन, पान वाचून, काही न लिहिता निघून गेलं होतं. ती असेल का? तिने वाचलं असेल, तर पक्कडीपाशी हसली असेल का? चार दिवस ते त्या एका पाहुण्याची वाट बघत राहिले. मग त्या शहरातून आणखी बरेच आले, आणि त्यात ती कुठली हे ओळखणं अशक्य झालं. पूर्वी पान कोणी बघत नव्हतं तेव्हा ते ताईच्या जवळ होते असं त्यांना वाटे. आता ते सगळ्या जगासमोर होते आणि ती कुठेच नव्हती.

साहेबांनी सूनबाईला सांगितलं होतं की असं लिहिणारा माणूस शोध. तिने भीत भीत सासऱ्यांना विचारलं. तिची नोकरी डळमळत होती, तेव्हा नाही कसं म्हणणार? त्यांनी बटणाच्या काजांवर एक पान लिहून दिलं. तिने ते स्वयंपाकघरात उभ्याउभ्या वाचलं, गॅस बारीक केला, पुन्हा वाचलं.

"बरोबर आहे सगळं," ती म्हणाली. "पण हे कुणाशीच बोलत नाहीये बाबा. ते पहिलं कुणाशी तरी बोलत होतं."

माहितीवाल्यांनी तिच्या हातून कागद परत घेतला. मग म्हणाले, "ताईशी."

आणि मग पत्राची सगळी हकिकत बाहेर आली. तिला वाटलं होतं त्यापेक्षा ती बरीच लांबली. सांगताना ते चष्मा काढत होते आणि घालत होते. शेवटी उठून त्यांनी कपाटातून पत्रच आणून दिलं. तिने वाचलं.

"अहो, पण आत्याबाईंनी विचारलं काय होतं?"

"मशीन टाके का सोडतं."

"ते वर विचारलंय. खाली?"

त्यांनी खाली पाहिलं. ती ओळ त्यांना पाठ होती. पण पत्राच्या शेवटी सगळेच 'एकदा येऊन जा' लिहितात, तशी ती लिहिली आहे, असंच त्यांनी तीन वर्षं धरलं होतं. प्रश्न म्हणून ती त्यांनी कधी वाचलीच नव्हती.

"नवा नियम माहितीय का," सूनबाई हलक्या आवाजात म्हणाली, आणि बोलता बोलता पत्राची घडी तिने होती तशी घातली. "माणूस ज्यासाठी आला ते त्याला मिळालं की तो रिकाम्या हाती परत गेला, तेसुद्धा बघतात. उंटावरून शेळ्या हाकणारी पानं आता चालत नाहीत."

"म्हणजे माझं पान पडलंच म्हणायचं."

"जगासाठी नाही हो. एका माणसासाठी."

तिने गॅस मोठा केला. बटणांच्या काजांचं मी बघून घेईन, असं ती म्हणाली. पान कुणाशी बोलतंय हे ठरवून मीच लिहायला बसेन. आजवर कुणी तिला तसं लिहायला सांगितलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी माहितीवाल्यांनी दात घासले आणि ओल्या तोंडानेच टेबलाशी बसले. मसुदा केला नाही. मसुदा केला तर तो कधी पूर्णच होणार नाही ही भीती होती. त्यांनी लिहिलं:

'ताई, टाक्यांचं कारण बहुतेक कळलंय, पण लांबून खात्री देता येत नाही. शनिवारी सकाळच्या गाडीने येतो. नवा स्क्रू आणतोय, पक्कड आणत नाही. तू मशीन चालवशील तेव्हा मी खाली बसेन. आता खाली मावणार नाही, म्हणून शेजारी बसेन. घर किती गप्प असतं ते मला माहीत आहे. तिथून आल्यापासून माझ्याही कानात ते आहे. आठ दिवस राहीन, कंटाळलीस तर सांग. – किड्या.'

टपालपेटी कोपऱ्यावरच होती. पाकीट फटीत अर्धं गेल्यावर त्यांना वाटलं, 'कंटाळलीस तर सांग' हे नको होतं. उगाच परक्यासारखं वाटेल. नाहीतर 'आठ दिवस' फार होतात का? ते पाकीट चिमटीत धरून उभे राहिले. मागे एक बाई हातात पाकिटं घेऊन थांबली होती. तिने विचारलं, "आजोबा, अडकलंय का?"

"नाही, नाही," ते म्हणाले, आणि त्यांनी चिमूट सोडली.

आत काहीतरी पडल्याचा बारीक आवाज झाला. वेबसाइटवर कोपऱ्यात लिहिलेलं बदलायचं एक बटण होतं, ते त्यांनी रोज दाबलं होतं. पेटीला त्यांनी सवयीने वरपासून खालपर्यंत पाहिलं. तसलं काही नव्हतं. मग ते बाजूला झाले आणि त्या बाईला वाट करून दिली.